वही लिहायला घे

मुला,

काल फोनवर तू विचारलंस, "काका, बाबा म्हणतात मी आयसीयूच्या दारातून त्यांच्याकडे बघितलं आणि तसाच निघून गेलो. मी असं कसं करीन? त्यांना समजावू, की विषयच बदलू?" दोन्ही करू नकोस. वही लिहायला घे. दोनशे पानी, आखीव. नाशिकच्या सिडकोत स्टेशनरीची दुकानं काही कमी नाहीत, आजच आण.

शरीराचं आधी उरकतो, कारण त्याची तुला निम्मी माहिती आहेच. दोन मजले चढताना बाबा मधेच कठड्याला धरून बसतात, याचा धसका घेऊ नकोस. २०१३ साली लंडनच्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीचा स्नायू मोजला होता. १० दिवसांत तो सरासरी १७-१८ टक्क्यांनी आकसलेला निघाला. तो भरून यायला महिने लागतात. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर न्यायची घाई नको, गल्लीच्या टोकापर्यंत रोज चालू दे आणि फिजिओथेरपिस्टचं येणं बंद करू नका. दोन-तीन महिन्यांनी केस गळतील, पुन्हा येतील. पेपर वाचताना ओळ निसटेल, हिशोब चुकेल, चिडचिड होईल. घरी गेल्यावरच्या या सगळ्याला डॉक्टरांनी २०१० साली एक नावही दिलं, 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम'. तुझ्या आईला सांग, हा आळस नाही आणि हट्टही नाही.

आता खरं दुखणं. माझ्या आयसीयूतल्या दिवसांचं मला जे आठवतं ते असं : पिंपळगावकडच्या कुठल्याशा कोल्ड स्टोरेजमध्ये द्राक्षांच्या पेट्यांमध्ये मी आडवा पडलोय, बायका मला कागदात गुंडाळतायत आणि माझे हात पेटीला बांधलेत. नर्स असलेल्या माझ्या भाचीने नंतर एकेक उलगडून सांगितलं. गारवा एसीचा. कुरकुर प्लॅस्टिकच्या एप्रनची. हात बांधलेले, कारण गुंगीतला पेशंट तोंडातली नळी उपसून काढतो. औषधांची गुंगी, अंगातलं इन्फेक्शन, मोडलेली झोप, या सगळ्यात मेंदू जे आवाज-स्पर्श हाती लागतील त्यांची गोष्ट रचतो. डिलिरियम म्हणतात त्याला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये तो इतका सर्रास दिसतो की नातेवाइकांना आधीच सांगून ठेवायला हवं. सांगतं कोण?

म्हणून बाबांना "तसं काही झालंच नव्हतं" म्हणू नकोस. तू दारात उभा होतासच ना? तूच मला तेव्हा सांगितलं होतंस : पाच मिनिटं आत सोडलं, मग गार्डने बाहेर काढलं आणि तू रात्रभर खाली पायरीवर बसून होतास. त्यांना दार दिसलं, तू दिसलास, तुझी पाठ दिसली. पायरी कुठून दिसणार? ती तुला लिहायची आहे.

सातपूरला कारखान्याच्या शॉपमध्ये ट्रेनी म्हणून आलास तेव्हा पहिल्याच दिवशी मी तुझ्या हातात लॉगबुक दिलं होतं. रात्रपाळीत मशीन का थांबलं, कोणी काय बदललं, हे वाचल्याशिवाय सकाळच्या माणसाने बटणाला हात लावायचा नाही. तुझ्या बाबांच्या कित्येक पाळ्या त्यांच्यावाचून झाल्या आणि चार्ज कोणी दिलाच नाही. तो तू दे.

कसं लिहू, असं विचारू नकोस. मेडिकलच्या बिलांवर तारखा आहेत. डिस्चार्ज कार्ड आहे. तुमच्या घरच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी तू मेसेज टाकत होतास, ते आहेत. तारीख टाक आणि साधं लिही. "सकाळी नळी काढली. तुम्ही पाणी मागितलंत. लगेच देता येत नव्हतं, म्हणून सिस्टरांनी ओला कापूस ओठांना लावला." एवढं पुरे. देवाची कृपा, डॉक्टरांचे आभार, हे सगळं नंतर. आधी काय घडलं ते लिही.

स्कँडिनेव्हियातल्या नर्स पेशंटसाठी अशी डायरी कित्येक वर्षांपासून लिहितात. २०१० साली युरोपातल्या ३५२ पेशंटवरचा अभ्यास छापून आला. ज्यांना महिन्याभराने डायरी मिळाली त्यांच्यात मनावरच्या आघाताचा आजार नव्याने ५ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत १३ टक्क्यांना. २०१९ साली फ्रान्समध्ये याहून मोठा अभ्यास झाला, त्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. तोही मी वाचलाय. तरी सांगतो, वही लिही. त्या अभ्यासांत आघात मोजला होता. माझं मागणं वेगळं आहे. माणसाला त्याचे स्वतःचे दिवस परत मिळावेत, एवढंच.

मला ते मिळाले नाहीत. तेव्हाचं सगळं हिच्या डोक्यात होतं. ती म्हणायची, "कशाला आठवायचं, सुटलो ना?" पुढे फोन बदलला तसे मेसेजही गेले, आणि मग तीच गेली. मेहुणा एक सांगतो, मुलगा दुसरंच. ती बाहेरच्या बाकड्यावर काय खात होती, कोणाजवळ रडली, गोदाकाठी गंगेवर जाऊन काय बोलून आली, हे मला आता कोण सांगणार? मुलगा म्हणतो, "बाबा, लोकांच्या घरी जाऊन जखमा उकरू नका." मी जाणार. जखम भरली असती तर तुझे बाबा रात्री दिवा लावून बसले नसते.

फक्त वही त्यांच्या अंगावर टाकू नकोस. जवळ ठेव, मागतील तेव्हा वाच, थांब म्हणाले की थांब. झोप पार उडाली, जगण्यात राम नाही असं बोलू लागले, तर वहीच्या भरवशावर राहायचं नाही, त्याच दिवशी मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं. ताप, धाप किंवा एकाएकी बरळणं दिसलं तर थेट हॉस्पिटल.

आणि तुझंही पान त्यात असू दे. तू घाबरला होतास, ते लिही. बापाला कळू दे.

रविवारी सकाळी मी येतो. बिलांची पिशवी काढून ठेव, आणि मी आलेलं चालेल का ते बाबांना आधी विचार.

तुझा
काका