अणुपाणबुडीचा एक व्हॉल्व्ह बदलायचा तर वर्ष-वर्ष का थांबावं लागतं? कोल्हापूरच्या फाउंड्रीत तो होणार नाही का?

ओतायचं म्हणाल तर होईल की. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटी बघतो, व्हॉल्व्ह बॉडीचं ओतकाम, मशिनिंग आमच्या भागात रोजचंच आहे. वेळ जातो तो पार्टसोबत द्यायच्या पुराव्यात.

हे सुरू कशामुळं झालं बघा. १० एप्रिल १९६३ ला अमेरिकेची थ्रेशर ही अणुशक्तीवरची अटॅक पाणबुडी खोल पाण्यातल्या चाचणीत बुडाली, १२९ माणसं गेली. चौकशीत मुख्य संशय आला समुद्राचं पाणी नेणाऱ्या पाइपच्या ब्रेझिंग केलेल्या (दुसरा धातू वितळवून सांधलेल्या) जोडावर, म्हणजे जोड सुटला, पाणी आत आलं, इलेक्ट्रिकल गेलं, रिअ‍ॅक्टर बंद पडला आणि वर यायला टाक्यांत हवा सोडली तर हवेच्या लाईनमधल्या जाळ्यांवर बर्फ धरला. आणि आधीच्या दुरुस्तीत असे १४५ जोड अल्ट्रासॉनिकनं तपासलेले, त्यातले १४ टक्के कमी दर्जाचे निघालेले, तरी बाकीचे तसेच ठेवले! हे वाचून आजही जीव तुटतो. त्यानंतर सबसेफ, म्हणजे अमेरिकी नौदलाचे पाणबुडी सुरक्षेचे नियम आले, पाण्याचा दाब अडवणाऱ्या प्रत्येक पार्टचा माल कुठला, कुणी तपासला, सगळं कागदावर पाहिजे.

आता आमच्या भाषेत सांगतो. ज्या हीटमधनं (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्यातनं) कास्टिंग ओतलं त्याच हीटचा टेस्ट बार, म्हणजे चाचणीचा नमुना पाहिजे, दोन्हीवर हीट नंबर पाहिजे. फेटलिंगला, म्हणजे ओतल्यावर जादा धातू साफ करायला ग्राइंडर फिरवताना तो नंबर पुसला गेला आणि दुसऱ्या कशानं ओळख पटवता आली नाही तर कास्टिंग कितीही चांगलं असूदे, ते बाद. वर रेडिओग्राफी (एक्स-रे), चार्पी (धक्क्यानं तुटतं का ते बघायची टेस्ट) वगैरे आहेच. अमेरिकेत टॅकोमाच्या एका फाउंड्रीत पाणबुडीच्या २४० हून जास्त कास्टिंगचे रिपोर्ट वर्षानुवर्षं खोटे भरले गेले, तिथल्या मेटलर्जिस्टला (धातुतज्ज्ञाला) २०२२ ला तुरुंगवास झाला. उणे १०० फॅरनहाइटला टेस्ट कशाला, असं त्या बाईंचं म्हणणं. माझ्या मते क्वालिटीवाल्यानं याहून वाईट काम करता येत नाही, खाली शंभरावर पोरं त्या स्टीलच्या भरवशावर असतात.

दुसरं कारण धंद्याचं. ट्रॅक्टरचा पार्ट हजारानं जातो, हा एक किंवा दोन नग, तेही कधीतरी. शीतयुद्ध संपलं आणि अमेरिकेच्या सीवुल्फ क्लासच्या २९ ठरलेल्या पाणबुड्यांपैकी ३ च झाल्या, मग एवढ्याशा कामावर छोटे सप्लायर टिकणार कसे? म्हणून आता त्यांच्याच पुढच्या व्हर्जिनिया क्लासमध्ये एका पाणबुडीचा पार्ट काढून दुसरीला लावायची वेळ येते.

आपल्याकडं ऑक्टोबर २०२४ ला दोन अटॅक अणुपाणबुड्यांना मंजुरी मिळालीय, अरिहंतचे गिअरबॉक्स तर वालचंदनगरलाच झाले. त्यामुळं तुमची फाउंड्री असेल तर नवीन मशीन घ्यायच्या आधी हीट रजिस्टर असं ठेवा की पाच वर्षांपूर्वीचा कुठलाही नग विचारला तरी त्याचा टेस्ट रिपोर्ट लगेच काढून दाखवता आला पाहिजे.