नाकावरचे बारीक ठिपके दाबून काढले तरी परत येतात, ते कायमचे कसे घालवायचे?

नाक दाबलं की शेवयांसारखे पांढरट धागे निघतात आणि थोड्याच दिवसांत छिद्रं पुन्हा भरतात, असं तुम्ही लिहिलंय. स्ट्रिप, वाफ, लिंबू, खायचा सोडा सगळं करून झालंय. मी फार्मासिस्ट आहे, काउंटरवर हाच प्रश्न सतत येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमच्या वर्णनावरून हे बहुधा ब्लॅकहेड्स नाहीतच. उजेडात आरसा जवळ धरून बघा. ठिपके राखाडी-पिवळट, सपाट आणि नाकभर सारखे पसरलेले असतील, तर ते सिबेशियस फिलामेंट्स. तैलग्रंथीतलं तेल आणि छिद्राच्या अस्तरातून सुटलेल्या मृत पेशी मिळून हा धागा बनतो. तो सगळ्यांच्याच नाकात असतो, तेलकट त्वचेत जास्त दिसतो. उपटला तरी महिनाभरात, कधी त्याच्याही आधी, छिद्र भरतंच. त्यामुळे तो कायमचा जाणार नाही, पण दिसेनासा नक्की करता येतो.

ब्लॅकहेड म्हणजे छिद्राच्या तोंडाशी घट्ट बसलेला, किंचित वर आलेला गडद खडा. तो काळेपणा मळाचा नसतो, त्यामुळे घासून जात नाही.

लिंबू आणि सोडा आजच थांबवा. त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5 च्या आसपास, लिंबाचा 2 च्या जवळ, सोड्याचा 8 च्या वर. दोन्हींनी त्वचा चुरचुरते, आणि सावळ्या वर्णावर त्याचे डाग महिनोन्‌महिने राहतात. वाफेनं छिद्र उघडतं हेही खरं नाही.

उपयोग होतो तो 2 टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्राच्या आत पोचतं. फेसवॉश लगेच धुतला जातो, त्यापेक्षा लावून ठेवायचं लोशन किंवा सीरम घ्या. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्री, आणि निदान 6 ते 8 आठवडे धीर धरा. खरे ब्लॅकहेड्स असतील तर त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅडापलीन जेल लिहून देतात. त्यानं आधी त्वचा कोरडी पडते, सालं निघतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते लावू नका. दिवसा सनस्क्रीन हवंच.

आणि कृपा करून मैत्रिणीच्या सांगण्यावरून ‘चेहरा साफ करणारी’ ट्यूब आणू नका. पिळून चपटी झालेली रिकामी ट्यूब पुढे करून ‘हीच द्या’ म्हणणारे पुष्कळ येतात. मी ती उलटी करून बारीक अक्षरं वाचून दाखवते: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल. ही स्टेरॉइड्स. सुरुवातीला चेहरा छान दिसतो, मग पुरळ, लाली, पातळ झालेली त्वचा. 2018 पासून अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मिळतात. तुमच्या ट्यूबवर यातलं नाव असेल आणि बरेच दिवस लावत असाल, तर एकदम सोडलीत तर चेहरा भडकतो. ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ती कशी बंद करायची ते सांगतील.