प्रीमियम घटला, तर सदनिका स्वस्त होते का?

प्रश्न : चिंचवड परिसरात सदनिका पाहत आहे. दर एवढा का, असे विचारले की विकासक परवानग्या आणि प्रीमियमकडे (जादा बांधकामासाठी भरायच्या सरकारी शुल्काकडे) बोट दाखवतात. शासनाने प्रीमियम कमी केला, तर दर उतरतील का?

उत्तर : विकासकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार आपल्या भागात भूखंडासमोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर सर्वसाधारणपणे १.१ इतकाच एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, ते प्रमाण) मिळतो; रस्ता ९ मीटरचा असला, की प्रीमियम भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरचा हस्तांतरित होणारा बांधकाम हक्क) विकत घेऊन तो २ पर्यंत नेता येतो (जिने, बाल्कनी वगैरेंसाठीचा अनुषंगिक एफएसआय निराळा). म्हणजे दहा गुंठ्यांवर, साधारण १,००० चौरस मीटरवर, एका गल्लीत १,१०० आणि शेजारच्या गल्लीत २,००० चौरस मीटर बांधकाम होते. एवढ्या फरकाने दुसरीकडची सदनिका स्वस्त पडायला हवी. पण जागामालकालाही रस्त्यानुसार एफएसआयचा हा तक्ता पाठ असतो आणि गुंठ्याचा भाव तो त्यावरूनच सांगतो.

जानेवारी २०२१ मध्ये राज्य शासनाने त्या वर्षअखेरपर्यंत प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत दिली, तेव्हा सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरावे, अशी अट घातली होती. सवलत आपोआप ग्राहकापर्यंत झिरपली असती, तर या अटीची गरजच भासली नसती, असे माझे मत आहे.

माझ्या मते प्रीमियमइतकाच विचार विलंबाचा व्हायला हवा. जागेत गुंतलेल्या पाच कोटींवर वर्षाला १२ टक्के व्याज धरले, तर परवानगी सहा महिने लांबल्यास ३० लाख रुपये जातात, म्हणजे वरच्या २,००० चौरस मीटरवर चौरस फुटामागे सुमारे १४० रुपये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानले जाते खरे. मात्र त्रुटींचे पत्र आले, की हे दिवस उत्तर दिल्यापासून पुन्हा मोजावे लागतात.

आपण दरावर घासाघीस करण्याआधी महारेराच्या (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र पाहावे. विकासकाच्या माहितीपत्रकात बारा मजले आणि प्रमाणपत्रात सातच असतील, तर उरलेल्या मजल्यांचा एफएसआय अजून ‘लोड’ व्हायचा, म्हणजे प्रीमियम भरून किंवा टीडीआर घेऊन मंजुरीत जोडला जायचा, असण्याची शक्यता आहे. तो कधी होणार, हे लेखी विचारावे.