फोटो एडिटिंग: गुलाल, गोरेपणा आणि काळपट प्रिंट

गणपती संपले की हौशी फोटोग्राफरांचे प्रश्न एकदम वाढतात. कार्डं भरलेली असतात आणि घरी येऊन स्क्रीनवर पाहिलं की प्रत्यक्षात दिसलं होतं ते फोटोत कुठे गेलं, हे कळत नाही. आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेते आहे.

ताई, विसर्जनाला लालबाग ते गिरगाव चौपाटी फोटो काढले. गुलालाने माखलेले चेहरे समोर फार सुंदर दिसत होते, पण फोटोत गुलालाच्या जागी नुसता सपाट लाल डाग आहे. फोटो जास्त उजळ तर झालेला नाही. मग चुकलं काय? — एक वाचक, गिरगाव

फोटो एकूणात उजळ झालेला नाही, हे तुमचं बरोबर आहे. जळला आहे तो फक्त लाल चॅनेल. कॅमेरा प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा आणि निळा अशी तीन मूल्यं नोंदवतो. जेपीईजीत, म्हणजे नेहमीच्या फोटो फाइलीत, प्रत्येकाला ० ते २५५ एवढीच जागा असते. गुलाल इतका गडद आणि शुद्ध लाल असतो की लाल चॅनेल २५५ला जाऊन टेकतो. त्यापुढचे सगळे चढउतार, म्हणजे गुलालाचे कण, कपाळावरच्या आठ्या, घामाचे ओघळ, एका पातळीला येऊन सपाट होतात. साधा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, तिन्हींची गोळाबेरीज दाखवतो, म्हणून त्यात सगळं ठीक दिसतं. पुढच्या वेळी कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम सुरू ठेवा आणि लाल उजव्या भिंतीला चिकटला की एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा).

आता काढलेल्या फोटोंचं. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद, असेल तर बरंच वाचतं, कारण १४ बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक चॅनेलला १६,३८४ पातळ्या असतात. आधी प्रोफाइल ‘व्हिविड’ किंवा ‘स्टँडर्ड’वरून ‘न्यूट्रल’ला आणा. एवढ्यानेच अनेकदा निम्मं काम होतं. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची एकूण पिवळी-निळी झाक, थोडा थंड (निळसर) करा, कारण रस्त्यावरचे पिवळे दिवे लालात भरच घालतात. त्यानंतर रंगांच्या पॅनेलमध्ये फक्त लालाचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) आणि उजेड कमी करा. सबंध फोटोचं सॅच्युरेशन खाली ओढू नका. तसं केलंत तर आंब्याचे टाळे, झेंडूच्या माळा, फेटे सगळंच फिकं पडेल.

फक्त जेपीईजी असेल तर आणखी एक वाट आहे. लाल चॅनेल सपाट झाला तरी हिरव्यात बऱ्याचदा पोत शिल्लक असतो. फोटो कृष्णधवल करा आणि मिश्रणात हिरव्याला जास्त वजन द्या. गुलाल गडद राखाडी होईल, पण चेहरा परत येईल. विसर्जनाचा फोटो रंगीतच हवा असं कुणी सांगितलं? निरोपाच्या वेळचे डोळे कृष्णधवलमध्ये जास्त बोलतात, असं माझं ठाम मत आहे.

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. एडिटिंग शिकायला विकतचं सॉफ्टवेअर आणि लॅपटॉप घ्यावाच लागेल का? — एक विद्यार्थी, विलेपार्ले

नाही. स्नॅपसीड फुकट आहे आणि त्यात कर्व्ह (उजेड-सावलीचा तोल बदलणारी रेघ), व्हाइट बॅलन्स, ठरावीक जागेपुरता बदल असं शिकायला लागणारं सगळं आहे. पुढे कॉम्प्युटर हाताशी आलाच तर डार्कटेबल आणि रॉथेरपी हेही फुकट आहेत. फोनच्या ‘प्रो’ मोडमध्ये रॉ मिळत असेल तर तो सुरू कर. नेहमीच्या जेपीईजीवर फोनने स्वतःच सावल्या उचललेल्या, कडा धारदार केलेल्या असतात, त्यामुळे तुला हात घालायला जागा फार थोडी उरते.

मात्र तयार फिल्टर काही दिवस बाजूला ठेव. त्याऐवजी एकच साधा फोटो घे, समज पार्ल्याच्या मार्केटमधला भाजीवाला, आणि तो तीन तऱ्हांनी एडिट कर: एकदा त्याचा चेहरा महत्त्वाचा मानून, एकदा भाजीचे रंग, एकदा छपरातून येणारी उन्हाची तिरीप. कशाकडे बघायचं हे ठरवल्याशिवाय कुठलाही स्लायडर हलवायचा नाही. क्रॉप, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर या क्रमाने जा आणि चेहऱ्यापुरते किंवा आभाळापुरते बदल शेवटी कर. शंभरातून चार फोटो निवडणं हेही एडिटिंगच आहे, आणि तेच सगळ्यात अवघड.

भाचीच्या लग्नात मी हौसेने फोटो काढले. हॉलच्या रंगीत दिव्यांत चेहरे कुठे पिवळे, कुठे जांभळे आलेत. त्यात वहिनी म्हणतात, ‘नवरीला जरा गोरी करा.’ दोन्ही कसं करू? — एक वाचक, बोरिवली

पहिलं करा, दुसरं करू नका.

हॉलमध्ये तीन-चार जातींचा उजेड एकत्र असतो: झुंबराचा पिवळा, स्टेजवरचे रंगीत एलईडी, दारातून येणारं दिवसाचं ऊन. एका व्हाइट बॅलन्सने हे सगळं सुधारत नाही. आधी चेहऱ्यांसाठी बॅलन्स लावा आणि मग मागच्या भागाला वेगळा मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तो थंड किंवा उबदार करा. बॅलन्ससाठी पांढऱ्याचा नमुना उचलायला नवरीची साडी वापरू नका. अष्टपुत्रीचा पिवळा रंग प्रोग्रामला फसवतो. भटजींच्या उपरण्याचा सावलीतला पांढरा भाग बरा. हळदीच्या फोटोंत मात्र पिवळी झाक पूर्ण काढू नका, ती तिथे खरीच होती. जांभळ्या एलईडीने निम्मा चेहरा रंगला असेल तर तो फोटो कृष्णधवल करा. त्वचेचा रंग तिथे नोंदलाच गेलेला नाही, तो परत आणणार कुठून?

आता गोरेपणाचं. आपली त्वचा एडिटिंगमध्ये बहुतेक नारिंगी पट्ट्यात येते. त्या पट्ट्याचा उजेड वाढवला की माणूस क्षणात गोरं दिसतं, आणि त्याच क्षणी नाकाची कड, गालाची गोलाई, ओठांभोवतीच्या छटा पुसल्या जातात. सावळ्या चेहऱ्यावर प्रकाश फार सुंदर बसतो. त्याची चमक कपाळावर आणि गालाच्या हाडावर दिसते, ती जपा. चेहरा अंधारात असेल तर एक्स्पोजर जरूर वाढवा, पण हात आणि मान शेजारी ठेवून ताडून पाहा. मेंदीचा हात एका रंगाचा आणि चेहरा दुसऱ्याच, असं दिसलं की थांबा.

ही खोड आपल्या घरातली आहे तशी फोटोग्राफीच्या इतिहासातलीही आहे. फिल्मच्या काळात प्रिंटचे रंग जुळवायला लॅबमध्ये कोडॅकची ‘शर्ली कार्डं’ वापरत. त्यांवर अनेक दशकं गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे, आणि सावळ्या त्वचेच्या छटा त्या मोजपट्टीत धड बसत नसत. आज मोजपट्टी आपल्या हातात आहे. वहिनींना एकच फोटो दोन्ही तऱ्हांनी शेजारी-शेजारी दाखवा. आपली मुलगी कुठल्या फोटोत ओळखू येते, एवढंच विचारा.

शिवडीला फ्लेमिंगोंचा एक छान फोटो मिळाला, पण मागे विजेच्या तारा आहेत. त्या काढून स्पर्धेला पाठवला तर चालेल का? — एक पक्षीनिरीक्षक, मुलुंड

निसर्ग विभागात चालणार नाही. एफआयएपी आणि पीएसए या फोटोग्राफीच्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या व्याख्येनुसार निसर्गचित्रात कुठलीही गोष्ट घालणं, हलवणं, बदलणं किंवा काढणं मना आहे. क्रॉप चालतो, सेन्सरवरच्या धुळीचे डाग आणि नॉइज (कमी उजेडात येणारे रवाळ ठिपके) काढणं चालतं. २०१५च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के फोटो अशाच फेरफारांमुळे बाद झाले होते. तार काढलेला फोटो घरच्या भिंतीवर लावा, स्पर्धेला मूळचा पाठवा. माझ्या मते तारांसकटचा फोटोच जास्त खरा आहे. ठाण्याची खाडी २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली, पण तिथले पक्षी शहराच्या तारांखालीच उतरतात.

गुलाबीही जपून वाढवा. फ्लेमिंगोंना तो रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइडांमुळे येतो आणि पिल्लं करडीच असतात. सरसकट स्लायडर ओढला की थव्यातली वयं पुसली जातात.

स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो लॅबमधून काळपट येतो. लॅब बदलू का? — एक निवृत्त वाचक, दादर

आधी स्क्रीनचा उजेड कमी करा. आपण रात्री पूर्ण ब्राइटनेसवर एडिट करतो. स्क्रीन स्वतः प्रकाशते, कागद मात्र समोरचा उजेड फक्त परत फेकतो. स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही साधारण सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग फोटो तुम्हालाच काळपट दिसेल आणि तुम्ही तो योग्य तेवढा उजळाल. फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत सेव्ह करा, बहुतेक लॅब तेच धरून चालतात. १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, पण भिंतीवर लावून लांबून पाहायचा असेल तर २०० डीपीआयही पुरतं. मोठा प्रिंट काढण्याआधी त्याच फाइलचा ४ बाय ६ काढून दिवसाच्या उजेडात बघा. आणि लॅबला फाइल पेन ड्राइव्हवर द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.