बारावीच्या संगणकशास्त्र अभ्यासक्रम समितीची धुरा पहिल्यांदाच घेताय?
सर, अभिनंदन! प्रोग्रॅमिंगची भाषा सी++ की पायथॉन, या वादात पहिल्या बैठका घालवू नका. बारावी संपताना मुलांना काय जमलं पाहिजे ते ठरवा आणि नमुना प्रश्न त्याच दिवशी लिहा. प्रश्नच सुचत नसेल तर तो मुद्दा अभ्यासक्रमात कशाला?

नवे लोक इथे चुकतात:

- जुनं न काढता नवं भरत जातात. १९७६ चा ८०८५ मायक्रोप्रोसेसर (संगणकाची जुनी चिप) आपल्याकडे अभ्यासक्रमात वर्षानुवर्षं टिकला तो असाच.
- व्याख्या विचारतात. त्याऐवजी दहा ओळींचा कोड द्या, आउटपुट विचारा, चूक शोधायला लावा.
- पेपर स्वतः सोडवून बघत नाहीत.

उत्तरपत्रिका तपासण्याचे निकष पेपरसोबतच लिहा. कोडमध्ये विसरलेल्या सेमीकोलनला (;) किती गुण कापायचे, यावर परीक्षक (खरंच!) तासभर भांडतात.

प्रश्नपेढी, काठिण्यपातळी वगैरे पुढच्या वर्षी बघू.