तीन एकर विकून बॅरिस्टर?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरीला बारावीला ६४ टक्के पडले त्याचं मला काही वाटलं नाही, पण "तीन एकर विकतो पण पोरीले लंडनले पाठवून बॅरिस्टर करतोच, टीव्हीवर बोलणारी, मानवाधिकारवाली" हे वाचून पोटात गोळाच आला. सात एकरातले तीन, तेही विहिरीजवळचे! आणि एवढ्या लांबलचक पत्रात पोरगी स्वतः काय म्हणते ते कुठंच नाही, "आमचं नाव निघालं पाहिजे" मात्र तीनदा आहे. तिला रात्री झोप लागत नाही हेही तुम्हीच लिहिलंय. कशी लागेल? जमीन अजून विकली नाही तरी तिचं ओझं पोरीच्या डोक्यावर येऊन बसलंय.

आता बॅरिस्टरचं. बाबासाहेब १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, तिथली सनद इथल्या हायकोर्टात चालायची. १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आला आणि आपल्याकडे वकिली करणारा तो अ‍ॅडव्होकेट, बॅरिस्टर म्हणून वेगळं काही उरलं नाही. परदेशी पाठवणारा एजंट सांगतो ते एक वर्षाचं एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे बॅरिस्टर नव्हेच, त्यासाठी तिथं इनची, म्हणजे ग्रेज इनसारख्या वकिलांच्या संस्थेची मेंबरशिप आणि बार कोर्स लागतो, आणि वकिली करायची तर वर्षभराची पुपिलेज, म्हणजे वकिलाच्या हाताखालची उमेदवारी, जी तिथल्या पोरांनाही सहज मिळत नाही. कुलभूषण जाधवची केस हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात लढणारे हरीश साळवे एलएलबी झाले ते आपल्या नागपूर विद्यापीठातून.

तुमची तक्रार आहे की पोरगी अभ्यास सोडून गावाचे अर्ज लिहीत बसते, रानडुकरांनी हरभरा खाल्ला त्याच्या भरपाईचा अर्ज तिनं सातबारा जोडून, पंचनाम्याची तारीख टाकून वनविभागात दिला. अहो भाऊ, मानवी हक्काचं काम म्हणजे दुसरं काय असते! गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले ते गावानं कायदा वाचला, कागद धरून ठेवले म्हणून. मीडियाचंही तसंच, तालुक्याच्या पत्रकाराला बातमीवरून अब्रुनुकसानीची नोटीस येते तेव्हा जवळपास त्यातला जाणकार वकील लवकर सापडत नाही.

एमएच सीईटी लॉ ही राज्याची प्रवेश परीक्षा द्या, बारावीनंतरचा वकिलीचा पाच वर्षांचा कोर्स, यवतमाळ-अमरावतीला कॉलेजं आहेत, नागपूरच्या एमएनएलयू या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही वेगळी प्रवेश परीक्षा. इंटरनॅशनल लॉ मग बघता येईल, दोन वर्षं काम केल्यावर ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला अर्ज करता येतो, ती मिळाली तर एकाही गुंठ्याला हात लावायची गरज नाही. पण हे सगळं तिला हवं असेल तरच.

इसार घेतला असेल तर आधी परत करून या. आणि पुढचं पत्र पोरीला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाठवा, त्यात त्या हरभऱ्याच्या अर्जाची पोच मिळाली का तेही लिही म्हणावं.