ओढतंय कोण, ते आधी बघ

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हालचालीचा धडा चार वेळा वाचून झाला, २०६ हाडांचा हिशेब तोंडपाठ आहे, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की गाडी अडते, असं लिहिलंयस. अडणारच. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दहा-दहा तास खुर्चीला चिकटून तू हालचाल शिकतेयस!

हाडांची यादी चार दिवस बाजूला ठेव. एकच गोष्ट धर: स्नायू फक्त ओढतो. त्याला ढकलता येत नाही. विहिरीतली बादली दोराने वर ओढता येते, पण त्याच दोराने तिला खाली ढकलून दाखव बरं. म्हणून कोपर वाकवायला दंडाच्या पुढचा स्नायू आणि सरळ करायला मागचा. एक आखडतो तेव्हा दुसरा ताणला जातो. कुठलाही प्राणी हलताना दिसला की आधी विचार, ओढतंय कोण? आणि मग, परत जागेवर आणतंय कोण?

आता पक्ष्याचा पंख घे. पंख खाली मारणारा स्नायू छातीवर, हे पटतं. मग वर उचलणारा पाठीवर हवा ना? नाही, तोही छातीवरच, पहिल्याच्या खाली दडलेला. त्याची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, खांद्याच्या हाडांमधल्या भोकातून वर जाते आणि दंडाच्या हाडाला वरच्या बाजूने जोडते, रहाटावरून दोर वळावा तशी. आमच्या घरी कोंबडी शिजत नाही, त्यामुळे हे बघायला मी चिकनच्या दुकानात जाऊन उभा राहिलो होतो. छातीचं मांस सोडवलं की खाली एक लांबट पट्टी वेगळी निघते आणि तिला पांढरी चिवट दोरी असते. दुकानदाराने दोरी ओढून दाखवली आणि पंख उचलला गेला. मास्तर, घ्यायची का, म्हणाला. वेताळ टेकडीवर दुपारी घार पंख न हलवता गोल गोल चढते, तेव्हा मात्र तिला उचलते ती तापलेल्या जमिनीवरून वर येणारी गरम हवा. तिथे स्नायूंचं काम पंख पसरून धरण्यापुरतंच.

हाडं नसतील तर? पावसाळ्यात तळजाईच्या वाटेवर गांडुळं निघतात. एखादं अलगद उचलून कोऱ्या कागदावर ठेव आणि कान जवळ ने. बारीक खरखर ऐकू येते. ते त्याचे दृढरोम, म्हणजे अंगावरचे बारीक ताठ केस, कागदात रुतणारे. काचेवर ठेवलंस तर ते नुसतं वळवळतं, पुढे फारसं सरकत नाही. त्याच्या अंगात गोल स्नायू आहेत आणि उभेही आहेत. गोल आवळले की अंग बारीक आणि लांब होतं, उभे आखडले की जाड आणि आखूड. मधे द्रव भरलेला असतो, तो दाबून लहान होत नाही, म्हणून तोच हाडाचं काम करतो. (बघून झालं की ओल्या मातीत सोडून ये. उन्हात टाकून जाऊ नकोस.)

कोळ्याची तर कमाल आहे. पायाच्या दोन मुख्य सांध्यांत वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीतच. पाय सरळ होतो तो आतल्या द्रवाच्या दाबाने. मेला की दाब जातो. माळ्यावर सापडणारे मेलेले कोळी पाय पोटाशी घेऊन का पडलेले असतात, ते आता तूच सांग.

स्नायूच्या आतही ओढाओढच आहे. मायोसिन या प्रथिनाची डोकी दुसऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे अ‍ॅक्टिनच्या धाग्याला धरून ओढतात, धागे एकमेकांवरून सरकतात, पण स्वतः आखूड होत नाहीत. धागे असे सरकतात, हे १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी मांडलं. चेतेचा (मज्जातंतूचा) संदेश, कॅल्शियम वगैरे क्रम पुस्तकात नीट दिलाय, तो तिथूनच घे. तिथे एक मात्र अधोरेखित कर. धरलेला धागा सोडायला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतो. मृत्यूनंतर एटीपी संपतो, डोकी सुटत नाहीत आणि शरीर ताठरतं.

आता माझी चूक. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या लॅक्टिक आम्लामुळे, असं मी वर्षानुवर्षं वर्गात ठोकून दिलं. ते आम्ल व्यायामानंतर तासाभरात जवळपास निघून जातं, दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. एवढा साधा हिशेब मला कधी खटकला नाही. पर्वती चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू गुडघा एकदम दुमडू नये म्हणून आखडू बघतो आणि अंगाचं वजन त्याला लांब खेचतं. या ओढाताणीत स्नायूतंतूंना बारीक इजा होते. दुखतं त्यामुळे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी भेटलं तर एवढा निरोप दे.

रविवारी सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी ये. वही नको. उतरताना मांडीवर हात ठेवून बघ, स्नायू कधी घट्ट होतो ते.

आणि तोवर एक काम. आरशासमोर उभी राहून जीभ बाहेर काढ. जिभेत हाड नाही आणि स्नायूला ढकलता येत नाही. मग जीभ पुढे आली कशी? पुस्तक न उघडता विचार कर, उत्तर रविवारी ऐकतो.

तुझा,
सर